केप फुटते, बार होत नाही : .३२ च्या ठासणीच्या रायफलीतील फुसक्या बाराचे निवारण

लक्षणे

ठासणीच्या रायफलीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासतात, आणि निपल या पोकळ खुंटीवर बसवलेली केप, म्हणजे पेटत्या मसाल्याची तांब्याची टोपी, घोड्याच्या ठोक्याने फुटून आत ज्वाला पाठवते. खारीच्या शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या .३२ आणि .३६ कॅलिबरच्या (हा नळीचा इंचातला व्यास), केपेवर चालणाऱ्या ठासणीच्या रायफलींत एकच तक्रार पुन्हा पुन्हा भेटते आणि ती चार रूपांत दिसते. पहिल्या रूपात चाप ओढल्यावर घोडा पडतो, केप ‘टॅक’ करून फुटते, निपलाभोवती चिमूटभर धूर निघतो आणि पुढे काहीच होत नाही. दुसऱ्या रूपात केप फुटल्यावर निमिषभर काहीच घडत नाही आणि मग बार होतो; तेवढ्या अवधीत नळीवरची नेमाची माशी खारीवरून घसरलेली असते. तिसऱ्या रूपात पहिल्या ठोक्याला केप फुटतच नाही, घोडा पुन्हा चढवून पाडला की फुटते. चौथ्या रूपात तीन-चार बार व्यवस्थित होतात, मग ठासताना गज जड जाऊ लागतो, बाराचा आवाज बसका येतो आणि पाचव्या किंवा सहाव्या वेळी केप वाया जाते.

या चारही रूपांना ‘बंदूक धरत नाही’ असे एकच नाव देऊन लोक अधिक तीव्र केपा विकत आणतात. माझ्या स्वतःच्या दोन आणि ओळखीच्यांच्या बऱ्याच रायफलींचा हा दोष काढताना मला केप बदलण्याची गरज फार थोड्या वेळा पडली आहे. बहुतेक वेळा पाइप क्लीनरची एक जुडी आणि जुन्या सुती चादरीच्या चिंध्या एवढ्यावर काम भागले. मात्र काहीही खोलण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा लागतो : फुसका गेलेला बार कितवा होता? दिवसाचा पहिलाच बार गेला असेल तर संशय तेलावर जातो. नळी पुसल्यानंतर लगेचचा गेला असेल तर पुसण्याच्या पद्धतीवर. हळूहळू बिघडत जाऊन गेला असेल तर साचलेल्या कीटावर. आणि कोणताही क्रम न पाळता मधूनच जात असेल तर केप, निपल किंवा घोड्यावर. पुढील सर्व तपासण्या करताना या उत्तराचा उपयोग होतो, म्हणून ते मैदानावरच लिहून ठेवावे. घरी येईपर्यंत ‘तिसरा की चौथा’ हे कोणालाच आठवत नाही.

लहान नळीचे दुखणे वेगळे का

मी केंटकीत राहतो. येथे खारीचा हंगाम ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो, दिवसाला ६ खारींची मर्यादा असते आणि त्या दिवसांतली पहाट कोकणातल्या श्रावणाइतकी ओली असते. हिकरीच्या झाडाखाली बसले की वर खार असल्याचे डोळ्यांआधी कानांना कळते, कारण तिने कुरतडलेल्या टरफलांचा चुरा खालच्या पानांवर बारीक टपटपत राहतो. त्या टपटपीत केपेचा कोरडा ‘टॅक’ उमटला की टपटप थांबते, आणि खार खोडाच्या पलीकडच्या अंगाला सरकलेली असते.

या लेखातील केप, गज, घोडा, चाप, कान, रंजक हे शब्द मी आजोळाहून उचलले आहेत. कुडाळजवळ आमच्या मामांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. तेथील वाचकांसाठी एवढे स्पष्ट करतो की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार भारतात छंद म्हणून शिकार करता येत नाही, आणि शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणीच आहे. येथे लिहिले आहे ते अमेरिकेतील करड्या खारीविषयी आणि तिच्याहून मोठ्या फॉक्स खारीविषयी, म्हणजे परवाना काढून, हंगामात आणि मर्यादेत होणाऱ्या शिकारीविषयी. ‘खारीचा वाटा’ म्हणणाऱ्या भाषेत हे लिहिताना थोडे अवघडल्यासारखे होते, हेही खरे आहे.

आता मूळ मुद्दा. .३२ च्या रायफलीची गोळी साधारण ०.३१० इंच व्यासाची आणि सुमारे ४५ ग्रेन, म्हणजे जेमतेम ३ ग्रॅम वजनाची असते, आणि तिच्यामागे खारीसाठी २० ग्रेनच्या आसपास, बारीक दाण्याची ‘तीन एफ’ काळी दारू पुरते. या दारूच्या स्तंभाची उंची नळीत फार तर एक इंच भरते. काळी दारू पूर्णपणे वायूत बदलत नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पोटॅशियमच्या क्षारांच्या रूपाने घन अवशेष म्हणून उरतो. त्यातला काही धुराबरोबर बाहेर जातो, बाकीचा नळीत बसतो आणि हवेतली ओल ओढू लागतो. .५० च्या रुंद नळीत अवशेषाचा एक थर चालून जातो. .३२ च्या नळीत तेवढ्याच जाडीचा थर गोळीची वाट अडवतो. शिवाय आजच्या अनेक कारखानी रायफलींत नळीच्या बुडाशी नळीहूनही अरुंद अशी दारूची कोठी असते, आणि केपेची ज्वाला निपलातून खाली उतरून, काटकोनात वळून त्या कोठीत पोहोचते. तेलाचा एक थेंब किंवा ओल्या काजळीचा एक गोळा ही वळणाची वाट बंद करायला पुरेसा असतो.

बार फुसका गेल्याच्या क्षणी

कोणतीही तपासणी करण्यापूर्वी रायफल खांद्यालाच ठेवून, तोंड लक्ष्याच्या दिशेने रोखून, किमान एक पूर्ण मिनिट थांबावे. रायफलीच्या पुस्तिकेत याहून अधिक वेळ सांगितला असेल तर तेवढा. दुसऱ्या रूपातला रेंगाळलेला बार आणि पहिल्या रूपातला फुसका बार यांतला फरक वेळ गेल्यावरच कळतो. या मिनिटात रायफल खाली घेणे, तोंडाकडे पाहणे किंवा ‘काय झाले’ म्हणून शेजाऱ्याला दाखवणे, यांपैकी काहीही करू नये. मी मनात साठपर्यंत आकडे मोजतो, कारण ओशाळलेल्या माणसाचे मिनिट पंधरा सेकंदांचे असते.

मिनिट झाल्यावर नवी केप लावून पुन्हा चाप ओढावा. बार झाला तर दोष केपेचा किंवा ती बसवण्याचा असण्याची शक्यता मोठी. सलग दोन-तीन केपा वाया गेल्या तर पुढे केपा जाळत बसू नये, तपासणीला लागावे. आणि दर केपेनंतर ते मिनिट पुन्हा मोजावे.

गजावरची खूण

सर्वांत सोपी तपासणी फुकट आहे, पण ती आधीच करून ठेवलेली असावी लागते. रायफल रिकामी असताना गज बुडापर्यंत घालून नळीच्या तोंडाशी गजावर एक रेघ मारावी. नेहमीची दारू आणि गोळी ठासल्यावर दुसरी रेघ मारावी. २० ग्रेनला या दोन रेघांतले अंतर साधारण सव्वा इंचाच्या आसपास येते, आणि बुडाशी अरुंद कोठी असेल तर काहीसे वेगळे पडते, म्हणून दुसऱ्याच्या रायफलीचे माप आपल्याला उपयोगी नाही.

फुसका बार झाल्यावर गज हलकेच आत सोडून रेघ पाहिली की तीन गोष्टी कळतात. गज दुसऱ्या रेघेवर थांबला तर दारू आणि गोळी जागच्या जागी आहेत, दोष पुढे शोधायचा. गज दुसऱ्या रेघेहून खाली उतरला तर दारू घालायची राहून गेली आहे. गप्पा मारत ठासणाऱ्या प्रत्येकाच्या हातून हे कधी ना कधी घडते आणि यात लाजण्यासारखे काही नाही. गज दुसऱ्या रेघेच्या वर अडला तर गोळी दारूवर टेकलेली नाही, आणि ही तिन्हींतील धोक्याची स्थिती आहे, कारण दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी असताना बार झाला तर नळी फुगू शकते. अशा वेळी केप लावायचीच नाही. निपलावरची केप काढावी आणि गोळी गजाने खाली बसते का ते पाहावे. बसली आणि रेघ जुळली तर ठीक. बसली नाही तर गोळी बाहेर काढण्याचाच मार्ग उरतो.

गज वापरताना एक सवय लावून घ्यावी. .३२ चा लाकडी गज जेमतेम पाव इंच जाडीचा असतो. त्याला वरच्या टोकाला धरून जोर लावला तर तो धनुष्यासारखा वाकून तिरकस मोडतो आणि मोडलेले टोक तळहातात शिरते. नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरून, थोडा थोडा ढकलत खाली न्यावा, आणि त्या वेळी आपला चेहरा किंवा तळवा नळीच्या तोंडावर येऊ देऊ नये. दारू राहून गेली असेल तर निपल काढून त्याच्या भोकातून चिमूटभर तीन एफ दारू आत सरकवावी, निपल पुन्हा बसवावे, गोळी बुडाला टेकली आहे हे गजाने पुन्हा तपासावे आणि सुरक्षित दिशेला केप लावून गोळी उडवून द्यावी. दबलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांडीवर चालणारे, निपलाला लावून गोळी बाहेर ढकलणारे साधनही मिळते. ते वापरतानाही नळीचे तोंड बंदूक भरलेली असल्याप्रमाणेच धरावे, कारण गोळी बाहेर येते ती जोरातच येते.

केप

तिसरे रूप, म्हणजे दुसऱ्या ठोक्याला फुटणारी केप, जवळजवळ नेहमी नीट न बसलेली केप असते. पहिला ठोका तिला निपलावर पूर्ण खाली ढकलण्यातच खर्ची पडतो आणि दुसरा ठोका तिला फोडतो. केप बसवल्यावर लाकडाच्या बोथट काडीने खाली दाबावी. अंगठ्याने दाबू नये. एवढे करूनही तोच प्रकार घडत असेल तर मापाची गडबड असते. १० आणि ११ क्रमांकाच्या केपांत फरक अगदी थोडा असतो, आणि एकाच क्रमांकाच्या पण वेगवेगळ्या कारखान्यांच्या केपाही सारख्या बसतातच असे नाही. केप सैल असेल तर ती घोडा चढवताना गळून पडते आणि चिमटीत दाबून बसवलेली केप एका बाजूने उघडी राहते. घट्ट असेल तर ती वरच अडते.

फुटलेली केप टाकून देण्यापूर्वी तिच्या माथ्यावरचा ठोक्याचा ठसा पाहावा. ठसा गोल आणि मध्यावर असेल तर घोड्याचे काम ठीक आहे. ठसा एका कडेला चंद्रकोरीसारखा उमटला असेल तर घोडा तिरका पडतो आहे, आणि त्याकडे पुढे वळायचे आहे. मी अशा केपा जुन्या डबीत साठवून ठेवतो. ओल्या पहाटे केपांची डबी खिशात उघडी राहिली असेल तर नव्या डबीतल्या केपा लावून पाहणे हीदेखील याच पायरीवरची तपासणी आहे.

पहिलाच बार गेला : तेल

दिवसाचा पहिलाच बार फुसका जाऊन नंतरचे व्यवस्थित होत असतील तर दोष शिकारीच्या दिवशीचा नसून मागच्या वेळी केलेल्या सफाईचा असतो. रायफल धुऊन, आतून तेल लावून, नळीचे तोंड वर करून कपाटात उभी ठेवली की ते तेल आठवड्याभरात बुडाशी उतरते आणि कोठीत साचते. पहिल्या बाराच्या दारूचा खालचा थर त्या तेलात भिजतो. उपाय फुकट आहे : तेल लावल्यावर रायफल तोंड खाली करून, खाली फडके ठेवून उभी करावी.

शिकारीला निघण्याआधी गजावर कोरडी चिंधी लावून ती बुडापर्यंत नेऊन काढावी आणि तेलाचा डाग येत असेल तर अल्कोहोलने ओलसर केलेली चिंधी फिरवून पुन्हा कोरडी फिरवावी. त्यानंतर, रायफल रिकामी आहे हे गजाच्या रेघेवरून पाहून, नळीचे तोंड जमिनीवरच्या गवताच्या पात्यापासून वीतभर अंतरावर, सुरक्षित दिशेला धरून एक केप फोडावी. पाते हलले तर निपलापासून तोंडापर्यंतची वाट मोकळी आहे. हलले नाही तर आजचा पहिला बार फुसका जाणार आहे आणि ते आताच कळले आहे. दोन-तीन केपा फोडून झाल्यावर आणखी एक कोरडी चिंधी फिरवावी, कारण फुटलेल्या केपेचा स्वतःचा अवशेषही बुडाशी पडतो.

निपल आणि वळणाची वाट

पाते हलले नाही, तर निपलाच्या भोकात बारीक तार घालून पाहावी. फुटलेल्या केपेचा तांब्याचा कपटा त्यात अडकलेला असणे ही नेहमीची गोष्ट आहे. तार आरपार जाऊनही वाट बंद असेल तर रायफल रिकामी असल्याची पुन्हा खात्री करून निपल पान्याने काढावे. निपल उजेडासमोर धरले की त्याच्या खालच्या टोकाचे बारीक भोक गोल आणि स्वच्छ दिसायला हवे. भोक झिजून मोठे किंवा लांबट झाले असेल तर निपल बदलावे, कारण अशा भोकातून बाराचा जोर उलटा वर येतो आणि घोड्याला मागे ढकलतो. नवे निपल घेताना आट्यांचे माप रायफलीच्या पुस्तिकेवरून पाहावे. इंचातले पाव-२८ आणि मेट्रिकमधले ६ × ०.७५ किंवा ६ × १ ही मापे डोळ्यांना सारखीच दिसतात, आणि चुकीचे निपल दोन फेरे सहज आत जाऊन तिसऱ्या फेऱ्याला आटे खाते.

निपल काढलेले असताना पाइप क्लीनर वाकवून वळणापर्यंत घालावा. बाजूला सफाईचा छोटा स्क्रू असेल तर तोही काढावा. माझ्या अनुभवात पाइप क्लीनर पहिल्यांदा बाहेर येतो तो डांबरासारखा काळा आणि चिकट येतो, आणि नळी आतून चकचकीत असलेल्या माणसाला हे दाखवले की त्याचा विश्वास बसत नाही. नळी साफ असणे आणि ठिणगीची वाट साफ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निपल परत बसवताना आट्यांना किंचित ग्रीस लावावे, नाहीतर ते पुढच्या वर्षी निघणार नाही.

पुसल्यानंतरचा बार गेला

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ थांबणार आहे, कारण लहान कॅलिबरच्या रायफलींतला बहुतेक त्रास येथे जन्मतो आणि तो काळजीपोटी जन्मतो.

एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांची .३२ माझ्याकडे आणली तेव्हा त्यांच्याजवळ तीन वेगवेगळ्या केपा आणि एक नवे निपल होते. कितवा बार जातो असे विचारल्यावर त्यांनी थोडा विचार करून सांगितले की नळी पुसली की त्यानंतरचा हमखास जातो, म्हणून ते आता अधिक चांगले पुसतात. त्यांची पद्धत पाहिली. चांगली टपटपीत भिजवलेली चिंधी, गजाला लावलेले, नळीत घट्ट बसणारे पितळी टोक आणि बुडापर्यंत एकाच दमात मारलेला गज. ती चिंधी नळीच्या भिंतीवरची सगळी काजळी पुढे ढकलत, पाण्यासह थेट अरुंद कोठीत नेऊन भरत होती. चांगले पुसावे तितका चिखल घट्ट बसत होता. मी त्यांना हसलो नाही, कारण माझ्या पहिल्या हंगामात मीही हेच करत होतो.

चिंधी ओली नको, ओलसर हवी; जिभेवर ठेवून काढलेल्या चिंधीइतकी. पितळी टोक नळीत किंचित सैल असावे आणि चिंधी पातळ असावी, म्हणजे खाली जाताना ती काजळीवरून सरकते आणि वर येताना गोळा होऊन काजळी ओढून आणते. टोक घट्ट असेल तर कानसीने अगदी थोडे कमी करता येते किंवा लहान मापाचे घेता येते. चिंधी एका दमात बुडापर्यंत नेण्याऐवजी अर्ध्यापर्यंत नेऊन काढावी, मग उलटी करून पूर्ण खाली न्यावी. नंतर एक कोरडी चिंधी. त्यानंतर, दारू घालण्यापूर्वी, रिकाम्या रायफलीवर एक केप फोडून वाट मोकळी करावी. केप स्वस्त नाही हे मान्य, पण फुसक्या बारापेक्षा ती स्वस्त पडते. केपेनंतर कोठी निवावी म्हणून दारू घालण्यापूर्वी मिनिटभर जाऊ द्यावे. दारू डब्यातून थेट नळीत कधीही ओतू नये, नेहमी मापात घेऊन मगच नळीत सोडावी, म्हणजे आत एखादी ठिणगी शिल्लक असली तरी ती मापापुरतीच दारू पेटवील. गृहस्थांच्या रायफलीत त्या दिवशी याच पद्धतीने २० बार सलग झाले आणि नव्या निपलाची पुडी फोडावीच लागली नाही.

किती बारांनंतर पुसावे याचा आकडा हवेवर अवलंबून असतो. ऑगस्टच्या दमट हवेत काजळी मऊ, लगद्यासारखी राहते. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत तीच कठीण कवचासारखी बसते आणि गोळी जेथे टेकते तिच्या जरा वर एक कडे तयार होते. गज शेवटच्या इंचाला अडखळतो तो या कड्यावर. तेथे जोर करून गोळी बसली असे मानले की गजावरची रेघ खोटे पाडते, म्हणून ती रेघ प्रत्येक बाराला पाहावी. मी थंडीत प्रत्येक बारानंतर आणि उन्हाळ्याच्या अखेरीस तीन बारांनंतर पुसतो.

गोळी ज्या चिंधीत गुंडाळून ठासतात त्या चिंधीला लावायचे वंगणही येथे येते. खनिज तेल आणि ग्रीस काळ्या दारूच्या काजळीत मिसळून डांबरासारखा चिकटा करतात. चरबी आणि मधमाश्यांचे मेण यांचे मिश्रण, पाण्यात मिसळणारी तेले किंवा मैदानावर साधी थुंकी यांनी काजळी मऊ राहते. पण थुंकीची चिंधी भरलेल्या रायफलीत तासभर राहिली तर ती दारूला ओल देते. झाडाखाली वाट पाहणाऱ्याने मेणाचीच चिंधी वापरावी.

दारू

एवढे करूनही बार रेंगाळत असेल तर दारूकडे पाहावे. जुना, अनेकदा उघडलेला डबा बाजूला ठेवून नव्या डब्यातील तीन एफ दारूने पाच बार करून पाहावेत. खऱ्या काळ्या दारूऐवजी वापरल्या जाणाऱ्या पर्यायी दारूंपैकी काहींना पेटण्यासाठी अधिक उष्णता लागते. मोठ्या कॅलिबरच्या, सरळ वाटेच्या रायफलीत ते खपून जाते, पण अरुंद कोठी आणि ११ क्रमांकाची केप यांच्या जोडीला त्या रेंगाळतात. मात्र बिनधुराची, आधुनिक काडतुसांतली दारू या रायफलींत थोडीसुद्धा, कोणत्याही कारणासाठी घालायची नाही. तिच्या दाबाने नळी फुटते.

घोडा आणि लाकूड

आता उरते ते यंत्र. रिकाम्या रायफलीच्या निपलावर चामड्याचा तुकडा ठेवून घोडा पाडून पाहावा. तो आळशीपणे पडल्यासारखा वाटत असेल तर कळ, म्हणजे घोडा पाडणारी यंत्रणा, लाकडात धरून ठेवणारा स्क्रू अर्धा फेरा सैल करून पुन्हा पाडावा. आता ठोका जोरात बसत असेल तर कमान ठीक आहे, दमट हवेत फुगलेले लाकूड किंवा जास्त आवळलेला स्क्रू घोड्याला घासतो आहे. स्क्रू थोडा सैल ठेवून हंगाम निभावता येतो. आतले लाकूड कोरण्याचे काम मात्र घरी करू नये. ठोका दोन्ही वेळा मऊच असेल, किंवा केपांवर चंद्रकोर उमटत असेल, तर कमान थकली आहे किंवा घोडा वाकडा बसला आहे.

चकमकीची, म्हणजे केपेऐवजी गारेच्या ठिणगीने पेटणारी रायफल असणाऱ्यांसाठी थोडक्यात : गारेची धार बोथट झाली आहे का ते आधी पाहावे, मग कानात, म्हणजे नळीच्या बाजूच्या ज्वालेच्या भोकात, तार घालावी आणि रंजक, म्हणजे बाहेरची पेटवणीची दारू, कानाच्या खाली राहील इतकीच घालावी. कान रंजकाने बुजला तर ज्वाला आत उडी मारत नाही, दारू वातीसारखी जळत आत जाते आणि बार रेंगाळतो. आमच्या मामांकडे ‘रंजक उडाली, बार राहिला’ असे म्हणत, आणि त्यानंतर सगळे कानाकडेच पाहत.

येथे थांबावे

पुढील गोष्टींपैकी एकही दिसली तर हत्यार खाली ठेवून ठासणीच्या बंदुकांचे काम जाणणाऱ्या गनस्मिथकडे जावे. गोळी मधेच अडकली आहे आणि ती वर किंवा खाली कोठेच हलत नाही. गोळी उपसण्याचा स्क्रू चालवताना आतली दारू पाण्याने पूर्ण भिजल्याची खात्री नाही. नळीच्या बाहेरून बोट फिरवताना एखादा फुगवटा जाणवतो, किंवा गज आत एका जागी अचानक सैल पडतो. निपल पान्याने हलत नाही, किंवा ते पूर्ण बसूनही डुगडुगते. बार झाल्यावर घोडा आपोआप मागे जाऊन अर्ध्यावर चढतो आणि नवे निपल लावूनही हे थांबत नाही. अर्धा चढवलेला घोडा चाप ओढल्यावर किंवा धक्क्याने पडतो. आणि नळीचे बूड बंद करणारा आट्यांचा बोल्ट काढण्याची इच्छा, कोणत्याही कारणाने झालेली. तो घरच्या पान्याने काढायचा नसतो.

नळीत दारू आणि गोळी अजून असतील तर रायफल गाडीत घालून दुकानात नेऊ नये. निपलावरची केप काढून, निपल काढता येत असेल तर तेही काढून, नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून आधी फोन करावा आणि ती भरलेली आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे; बरेच गनस्मिथ अशी रायफल आत घेत नाहीत आणि काय करायचे ते फोनवर सांगतात. सर्वच गनस्मिथ काळ्या दारूचे काम करत नाहीत. इंडियानातील फ्रेंडशिप या गावी १९३३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय ठासणी रायफल संघटनेच्या स्पर्धा भरतात, आणि तेथे येणाऱ्या किंवा आपल्या भागातील ठासणीच्या क्लबात नेमबाजी करणाऱ्या मंडळींकडे योग्य माणसाचा पत्ता हमखास मिळतो.

जाताना गजावरची रेघ, फुटलेल्या केपांची डबी आणि कितवा बार गेला होता ते लिहिलेला कागद बरोबर न्यावा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या म्हाताऱ्या गनस्मिथने रायफल हातात घेण्यापूर्वी तोच प्रश्न विचारला होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते म्हणून त्याने मला मैदानावर परत पाठवले होते.